उन्हं चढायच्या आत पन्हाळा: वसंतातली एक सकाळ मुलांसोबत

शिमगा आणि रंगपंचमी यांच्या मधले चार-पाच दिवस कोल्हापूरकरांनी वाया घालवू नयेत. पहाटे अजून गारवा असतो, ऊसतोड संपत आलेली असते आणि झाडं फुलांनी पेटलेली असतात. दहा वाजले की ऊन चटके देतं. म्हणून सगळं काही सकाळी सहा ते अकरामध्ये बसवायचं.

आदल्या रात्री पिशवी भरून ठेवा: माणशी एक लिटर पाणी, टोप्या, वही-पेन्सिल, एक कापडी पिशवी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पायात बूट हवेत, चपला नकोत. अत्तर लावू नका, भडक वासाचं तेलही नको. कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. पोरांना हे घरातूनच नीट समजावून सांगा.

शिवाजी पूल ओलांडला की रस्ता केर्लीवरून वाघबिळाकडे चढतो. शहरापासून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर. या वाटेवर घाई करू नका. खिडकीत बसलेल्या मुलांना एकच काम द्या: पान नसलेलं आणि फुललेलं झाड दिसलं की ओरडायचं. रस्ता रुंद असेल तिथं गाडी बाजूला घेऊन थांबा आणि झाडाखाली जा. काटेसावरीचं फूल तळहाताएवढं, जाड पाच पाकळ्यांचं. खाली पडलेलं उचला आणि मुलांना पुंकेसर मोजायला लावा. मोजता मोजता ती थकतील. पांगारा पोपटाच्या चोचीसारखा लाल. पळस भेटला तर नशीब. त्याची जमिनीवर पडलेली फुलं कापडी पिशवीत घ्या, फांदी मोडू नका. आता पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. साळुंक्या, बुलबुल, चिमुकला शिंजीर एकाच झाडावर मध प्यायला येतात. कोण आलं, किती वेळ थांबलं, हे वहीत मुलांनीच लिहावं. माझ्या मते अख्ख्या सहलीतली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

गडावर सगळं बघायचा हट्ट धरू नका. मुलं दमतात, मग चिडतात. दोनच जागा निवडा.

पहिली अंबरखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी ही तीन धान्यकोठारं. त्यातल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. मुलांना कोठीची लांबी पावलांनी मोजायला लावा, मग तुम्ही मोजा. दोघांचे आकडे वेगळे का आले, हे त्यांनीच शोधावं. इथंच भिंतीच्या सावलीत बसून वेढ्याची गोष्ट सांगा: १६६० साली सिद्दी जौहरनं गडाला महिनोन्‌महिने वेढा घातला आणि जुलैमधल्या एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. एवढी मोठी कोठारं कशाला लागत होती, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी जागा तीन दरवाजा आणि त्याशेजारची अंधार बाव. बावेत उतरताना लहानग्यांचा हात धरा. तटाच्या कडेला तर सोडूच नका. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे काडी-विडी पेटवणं कटाक्षानं टाळा.

भूक लागली तर दशम्या आहेतच, पण गडावरची झुणका-भाकरी आणि दही सोडून उतरू नये.

परतताना गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. हंगाम संपत आलेला असतो, म्हणून चालू आहे का ते आधी विचारा. मालकाची परवानगी घेऊन लांबूनच बघायचं. काहिलीत उसाचा रस उकळतो, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ती काढून टाकतात. चुलवणापासून आणि काहिलीपासून मुलांना चांगलं दहा पावलं मागं ठेवा. उकळता रस पाण्यापेक्षा वाईट भाजतो. गरम गूळ केळीच्या किंवा उसाच्या पानावर थंड करून मगच हातात द्या.

घरी आल्यावर पळसाच्या फुलांचा रंग करा. देठाकडचा काळसर भाग काढून दोन ओंजळी फुलं धुवा, लिटरभर पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी फडक्यातून गाळलं की केशरी-पिवळं पाणी मिळतं. उकळायचं काम मोठ्यांचं, गाळायचं मुलांचं. खेळायच्या आधी हातावर थोडं लावून बघा, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतात, जुनेच घाला. हा रंग टिकत नाही, दोन दिवसांत आंबतो. म्हणून फुलं सावलीत वाळवून ठेवा आणि रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळीच उकळा.