व्हर्च्युअल मशीनवर पोस्टग्रेस चालवताना

पोस्टग्रेस हा डेटाबेस ज्यावर चालतो त्या व्हर्च्युअल मशीनला (गेस्टला) १६ जीबी रॅम दिली असेल तर होस्टवर, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, ती सगळी राखून ठेवा आणि बलूनिंग (गेस्टची रॅम होस्टने परत घेण्याची सोय) बंद करा. नाहीतर होस्टवर ताण आला की बलून गेस्टची रॅम काढून घेतो आणि लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी यंत्रणा) नेमकी पोस्टग्रेसचीच प्रोसेस मारतो. 'शेअर्ड बफर्स' (पोस्टग्रेसची सामायिक कॅशे मेमरी) मुळात १२८ एमबी असतं, ते ४ जीबी करा. नुसतं रीलोड पुरत नाही, रिस्टार्ट लागतो. 'वर्क मेम' (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) मात्र जपून वाढवा: ती मर्यादा कनेक्शनला नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला लागू होते. ६४ एमबी ठेवून १०० कनेक्शनांनी एकेक सॉर्ट केला तरी सव्वासहा जीबी गेले.

केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) डिस्कचा कॅशे मोड 'नन' ठेवा. 'अनसेफ'मध्ये बेंचमार्क झकास दिसतो, कारण एफसिंककडे (डेटा डिस्कवर नक्की लिहून घ्यायच्या आज्ञेकडे) चक्क काणाडोळा होतो. होस्टची वीज गेली की कमिट झालेले व्यवहारही गेले.

'टॉप' या लिनक्स कमांडमध्ये 'एसटी'चा (होस्टने हिरावलेल्या सीपीयू वेळेचा) आकडा सतत चढा असेल तर क्वेरीला दोष देऊ नका, होस्टवर सीपीयूची ओढाताण चालू आहे.

डेटा आणि वॉल (बदलांची आधी लिहिली जाणारी नोंद) वेगळ्या डिस्कांवर असतील, तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी हवा. त्यापेक्षा 'पीजी बेसबॅकअप' (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) आणि वॉल आर्काइव्हिंग बरं, तेही दुसऱ्या होस्टवर. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून बघा.