मिक्सिंग आणि स्क्रॅचसाठी डीजे प्लेयर घेताय? आधी जॉगवर हात ठेवून बघा

डीजे प्लेयर घ्यायचा म्हटलं की सगळे आधी स्क्रीन किती इंचाची आणि हॉट क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागी लगेच उडी मारायची बटणं) किती हेच विचारतात, पण तासन्‌तास ज्याच्यावर हात राहणार तो जॉग (हाताने फिरवायची गोल चकती) आणि पिच फेडर (गाण्याचा वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी), त्याबद्दल कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या मशीनवर तुमचा हात बसतो ते मशीन घ्या, बाकीचे फीचर दुसऱ्या नंबरला.

एक गोष्ट आधी क्लिअर करतो, इथे बोलतोय ते टेबलावर ठेवायच्या सुट्या प्लेयरबद्दल, पेन ड्राइव्ह लावला की लॅपटॉपशिवाय वाजतो आणि मिक्सर वेगळा जोडावा लागतो तो. लॅपटॉपचे कंट्रोलर वेगळे, शिकायला ते स्वस्त पडतात आणि त्यात काहीच कमीपणा नाही. पण पुढे क्लबमध्ये किंवा मोठ्या स्टेजवर वाजवायचं असेल तर तिथे समोर बहुतेक वेळा पायोनियर कंपनीचे सीडीजे नावाचे प्लेयरच मांडलेले असतात. २००१ मध्ये सीडीजे-१००० आला, त्याच्या मोठ्या जॉगवर हात ठेवला की रेकॉर्डसारखा आवाज पकडता यायचा, आणि तेव्हापासून जॉग मध्ये, उजवीकडे पिच, डावीकडे खाली प्ले आणि क्यू (ठरवलेल्या जागी परत नेणारं बटण) ही मांडणी जवळपास तशीच राहिलीये. २००९ चा सीडीजे-२०००, २०१६ चा सीडीजे-२००० नेक्सस २, २०२० चा सीडीजे-३०००, एकावर हात बसला की दुसऱ्यावर अडत नाही. हा फायदा मला कुठल्याही फीचरपेक्षा मोठा वाटतो.

आता स्वतःला विचारा की तुम्ही नक्की करणार काय, मिक्स (बीट जुळवत एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं) की स्क्रॅच (गाणं हाताने पुढे-मागे घासून आवाज काढणं). दोन्हीला लागणारा जॉग वेगळा असतो. मिक्सिंगवाल्याला जॉगची बाहेरची कड महत्त्वाची, कारण बीट पुढे-मागे सरकली की तिथेच हलकं ढकलायचं असतं, आणि स्क्रॅचवाल्याला वरची प्लेट महत्त्वाची, ती दाबली की आवाज लगेच थांबला पाहिजे आणि सोडली की लगेच सुटला पाहिजे.

मिक्सिंगमध्ये आपल्याकडे एक खास भानगड आहे ती म्हणजे आपली गाणी. हाऊस, टेक्नो कॉम्प्युटरवर बनतं, टेम्पो एकदम फिक्स, सिंकचं (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) बटण दाबलं की काम झालं. पण जुनी लावणी, कोळीगीत, ढोल-ताशाचं लाइव्ह रेकॉर्डिंग, हे सगळं माणसांनी एकत्र बसून वाजवलेलं, ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. मुखड्याला बीपीएम (मिनिटाला किती ठोके) एक आणि शेवटच्या कडव्याला दुसराच. अशा गाण्यावर बीटग्रिड (मशीनने ठोक्यांवर आखलेल्या रेघा) सरकते आणि सिंकवर विसंबलात तर भर मंडपात दोन ढोलक्या एकमेकींवर आपटतात. तिथे कान आणि हातच लागतो, म्हणून पिच फेडर लांब आणि स्मूथ हवा. सीडीजे-२००० वर ±६ च्या रेंजमध्ये पिच ०.०२ टक्क्याने हलतो, ±१० ला ०.०५ ने, म्हणजे बारीक जुळवायचं असेल तर रेंज लहान ठेवा हे लक्षात असू द्या. आणि हळदीला १०० बीपीएमवरून १२० वर उडी मारायची असेल तर तो फरक २० टक्क्यांचा आहे, ±१६ मध्ये बसतच नाही, वाइड रेंज घ्या नाहीतर सरळ हॉट क्यूवरून कट मारा. वेग बदलला तरी मास्टर टेम्पोने सूर तोच राहतो खरा, पण फार ताणलं की गाणाऱ्याचा आवाज चिरकतो, म्हणून दुकानात हे टेस्ट करताना बीटचं गाणं नको, एखादं गळ्याचं गाणं लावून बघा, फरक लगेच कळतो.

स्क्रॅचसाठी दोन प्रकार आहेत. एक म्हणजे स्वतः न फिरणारा जॉग, जो सीडीजेमध्ये आणि बहुतेक सगळ्यांत असतो, आणि दुसरा मोटरने फिरणारी प्लेट. मोटरवाल्यात डेनॉनचा एससी५०००एम आणि २०२० चा एससी६०००एम, एससी६०००एमची प्लेट साडेआठ इंचाची आहे आणि वर चक्क विनाइल (रेकॉर्डची तबकडी) बसवलेलं असतं. हात लावला की खाली मोटर ओढत असते, सोडलं की प्लेट स्वतःच वेग पकडते, टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेयरवर) शिकलेल्या माणसाला दुसरं काही नको वाटतं. टेक्निक्सनेही २००४ च्या सुमारास एसएल-डीझेड१२०० नावाचा असा प्लेयर काढला होता पण तो आता जुना झाला, कुठे दिसला तरी पार्ट मिळणं कठीण, मी तरी सुचवणार नाही. न फिरणाऱ्या जॉगवर बेबी स्क्रॅच, चर्प, ट्रान्सफॉर्मर हे स्क्रॅचचे प्रकार सगळे होतात, फक्त सोडताना हाताला ती ओढ जाणवत नाही. नुसतं मिक्सिंग आणि मध्ये मध्ये चार स्क्रॅच एवढंच असेल तर मोटरचे जास्तीचे पैसे घालू नका. स्क्रॅच हेच तुमचं काम असेल तर मात्र मोटरवाला एकदा तरी वाजवून मगच ठरवा.

दुकानात गेल्यावर स्वतःचा पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा हेडफोन न्या, डेमोचं गाणं सगळ्याच मशीनवर भारी वाजतं. विनाइल मोड (प्लेट दाबून स्क्रॅच करता येतो तो) ऑन करा, एका स्वच्छ किकवर (ड्रमच्या जाड ठोक्यावर) हॉट क्यू टाका, प्लेट दाबून धरा आणि पाव चक्कर पुढे-मागे करत राहा, आधी सावकाश मग जोरात. प्रत्येक वेळी किक हाताच्या त्याच जागी यायला पाहिजे, आणि हात हलल्यावर आवाज मागून आल्यासारखा वाटला तर ते मशीन स्क्रॅचचं नाही, विक्रेता काहीही सांगो. मग जॉग अ‍ॅडजस्ट हलकं-जड करून बॅकस्पिन मारा (प्लेट झटक्यात उलटी फिरवा). टच-ब्रेकची नॉब असेल तर ती पण फिरवून बघा, हात लावल्यावर आवाज झटकन थांबतो की हळूहळू विझतो हे त्यावर ठरतं, स्क्रॅचला ती झटकन थांबणाऱ्या बाजूला ठेवायची.

फाइलच्या बाबतीत डोकं जास्त खपवू नका. एमपी३, एएसी, वेव्ह, एआयएफएफ हे बहुतेक नव्या प्लेयरवर चालतं, फ्लॅक मात्र सगळ्यांवर नाही, नेक्सस २ आणि ३००० वर चालतं. पाच मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला साधारण १२ एमबी, तेच वेव्हला ५० च्या वर, तेव्हा ड्राइव्ह त्या हिशोबाने घ्या आणि फॅट३२ फॉरमॅट करा, दुसऱ्याच्या मशीनवर गेलात तरी अडणार नाही. पायोनियरसाठी गाणी आधी रेकॉर्डबॉक्स या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅनालाइज करून मग ड्राइव्हवर टाका, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) आणि ग्रिड तयार मिळतं. डेनॉनचा एससी६००० गाणं स्वतः अ‍ॅनालाइज करतो, वर एकाच मशीनवर दोन लेयर म्हणजे दोन गाणी चालतात, बजेट कमी असेल तर हे खूप कामाचं आहे. दोन प्लेयर एकाच कंपनीचे घ्या, लॅन केबलने जोडले की एकाच ड्राइव्हवरून दोघांवर गाणी येतात, वेगवेगळ्या कंपनीचे एकमेकांशी बोलत नाहीत.

नव्या टॉपच्या मॉडेलची जोडी काही लाखांत जाते त्यामुळे बरेच जण सेकंड हँडकडे वळतात, आणि ते बरोबरच आहे, फक्त तपासून घ्या. सीडीजेची वरची प्लेट दाबावर चालते, आत पातळ शीटचा स्विच असतो आणि तो एका बाजूने मरतो. म्हणून गाणं चालू ठेवून प्लेट घड्याळासारखी बारा, तीन, सहा, नऊ अशा चारही जागी एका बोटाने हलकी दाबा, चारही ठिकाणी आवाज थांबला पाहिजे. प्ले आणि क्यू वीस-पंचवीस वेळा भराभर दाबा, एकदा दाबून दोनदा लागत असेल किंवा लागतच नसेल तर बटण गेलंय. पिच शून्याच्या आसपास अगदी हळू सरकवा आणि स्क्रीनवरचा आकडा बघा, आकडा उड्या मारत असेल तर फेडर झिजलाय किंवा आत धूळ गेलीये, वरातीत टेम्पो गाडीवर वाजलेल्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं. यूएसबीचं तोंड हलवून बघा, गाणं तुटायला नको. सीडी ड्राइव्ह बंद असेल तर घाबरू नका, ते कारण सांगून भाव पाडा, ३००० मध्ये तर सीडीचा खाचाच नाही.

बाहेरून आलेलं मशीन असेल तर मागची प्लेट वाचल्याशिवाय प्लग लावायचाच नाही. जपानचा माल १०० व्होल्टचा आणि अमेरिकेचा १२० चा असू शकतो, आपल्या २३० वर लावला की पॉवर सप्लाय गेलाच. जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी स्टॅबिलायझर किंवा ऑनलाइन यूपीएस ठेवाच.

सगळे पैसे प्लेयरमध्ये घालून स्वस्तातला मिक्सर घेऊ नका, निदान स्क्रॅचवाल्यांनी तरी नाही. क्रॉसफेडरचा (आवाज एका प्लेयरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या पट्टीचा) कर्व्ह शार्प करता आला पाहिजे, म्हणजे कडेपासून जरासा हलवला की आवाज पूर्ण उघडतो, आणि फेडर चुंबकीय, कॉन्टॅक्ट नसलेला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. प्लेयर एक नंबर पण फेडर ढिला असेल तर चर्प कधीच स्वच्छ निघणार नाही, म्हणून बजेटमध्ये बसत नसेल तर प्लेयर एक पायरी खालचा घ्या आणि फेडर चांगला घ्या.