अमेरिकेची बातमी वाचायची आमची घरगुती रीत

माझी मुलगी न्यू जर्सीत, पुतण्या टेक्सासात. २०२० च्या निवडणुकीनंतर दोघं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे भांडले की दिवाळीला एकमेकांना साधा शुभेच्छांचा मेसेजही नाही. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिला. ताळा बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तीच सवय इथे लावली.

आधी रंग नीट लावून घ्या. आपल्या सोलापुरात लाल म्हणजे कम्युनिस्ट आडम मास्तरांचा लाल बावटा. तिकडे लाल म्हणजे रिपब्लिकन, म्हणजे उजवे. निळे ते डेमोक्रॅट. ही वाटणीही टीव्हीचीच. २००० साली मोजणीचा घोळ महिनाभर चालला, नकाशे रोज पडद्यावर, तिथून हे रंग पक्के झाले. त्याआधी जो तो चॅनेल आपल्या मर्जीने रंगवायचा. मी कितीतरी दिवस उलटंच वाचत होतो.

मग बघा, आलेली क्लिप बातमी आहे की नुसती बडबड. वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडा, असा नियम तिथल्या रेडिओ-टीव्ही केंद्रांना १९४९ पासून होता. १९८७ ला तो काढला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ हा उजव्या मताचा निवेदक देशभरच्या रेडिओवर एकाच बाजूने तासन्‌तास बोलू लागला. १९९६ ला फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी ही केबल चॅनेलं निघाली; पुढे पहिलं लाल बाजूचं, दुसरं निळ्या बाजूचं झालं. केबलला तो नियम लागू नव्हताच, तेव्हा सगळं खापर तो नियम काढण्यावर फोडू नका. पोरांच्या क्लिपा बहुतेक रात्रीच्या कार्यक्रमांतल्या. वार्ताहर जागेवर उभा आहे, की कोणी स्टुडिओत बसून हातवारे करतोय? दुसरं असेल तर तिथेच सोडा.

आता वही घ्या. पानावर दोन रेघा मारून तीन रकाने करा. जून २०२२ चा गर्भपाताचा निकाल मी असाच लिहिला. डावीकडे मुलीचं चॅनेल: ‘बायकांचा हक्क हिरावला’. उजवीकडे पुतण्याचं: ‘न जन्मलेल्या जिवाला न्याय’. मधल्या रकान्यात फक्त दोघांना मान्य असेल तेवढंच: सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा ‘रो’ निकाल फिरवला, आता ज्या त्या राज्याने ठरवायचं. मध्ये दीड ओळ, कडेला पानभर. ते पानभर कुणाच्या धंद्याचं, हे विचारायचं.

धंदा कसा चालतो बघा. २०२० च्या निवडणुकीच्या रात्री लाल बाजूच्या फॉक्सनेच ॲरिझोना राज्य डेमोक्रॅट बायडेनच्या खात्यावर टाकलं, प्रेक्षक खवळले. पुढे मतयंत्रांच्या डॉमिनियन कंपनीवरचे मतं फिरवल्याचे खोटे आरोप त्याच पडद्यावर चालले. आतली माणसं खासगीत ते आरोप उडवून लावत होती, हे खटल्यात बाहेर आलं. २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. मी शून्यं दोनदा मोजली. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती, दुसरं काय! निळ्या बाजूचे दुकानदारही काही साव नाहीत.

चर्च, बंदूक, पिकअप गाडी यांवरून तिथे माणसाचं मत ताडतात. आपण आडनावावरून ताडतो, तसंच.

आणि ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, फोन करायचा. मी दोघांना वेगवेगळा केला. दोघांनी शेंगाचटणी मागितली. टेक्सासचं पार्सल चार दिवस आधी पोचलं, त्यावरून ग्रुपवर पुन्हा वाजलं.