ग्वाटेमालात स्वयंसेवा संपली, आता फिरायचंय? आधी दिवस मोजा

शाळेतलं काम संपलं, पोरांनी निरोप दिला, आता तीन आठवडे देश बघू म्हणून बॅग भरायला बसाल. बॅग राहू द्या. पासपोर्ट काढा, प्रवेशाचा शिक्का शोधा, त्याच्याजवळ किती दिवस लिहिलेत ते वाचा आणि आज कितवा दिवस आहे ते मोजा. व्हिसाबद्दल मी काही सांगत नाही. तो नसता तर इथवर पोचलाच नसतात.

ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून ९० दिवस राहता येतं. प्रत्येकी नाही, मिळून. मी हे वाचलेलं होतं, तरी माती खाल्ली. आतितलान सरोवराकाठी ७५ दिवस शिकवलं, मग होंडुरासमधले कोपानचे माया अवशेष पाहून चार दिवसांनी परतलो आणि रिक्षासारखं नवं मीटर पडलं अशा समजुतीत निवांत हिंडलो. परतीच्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्टाची पानं दोनदा उलटली, कॅलेंडरवर पेनाने टकटक करत मोजलं आणि चिठ्ठीवर ९६ लिहून माझ्यापुढे सरकवली. सहा दिवसांचा दंड भरेपर्यंत विमान सुटायची वेळ आली होती.

तेव्हा 'तीनच महिने तर झाले' असं म्हणू नका. १ जुलैला आलात तर १ ऑक्टोबरला ९३ वा दिवस असतो. मुदतवाढ हवी तर ९० संपायच्या आत राजधानीत अर्ज करा. या चार देशांबाहेरच पडायचं असेल तर मेक्सिको किंवा बेलीझ. त्यांचा व्हिसा लागतो का ते वेगळं बघा. एल साल्वादोरला जाऊन आल्याने मोजणीत काहीही फरक पडत नाही. काहीही.

आता सामान. पावसाळा मे ते ऑक्टोबर, रेनकोट आलाच. कपडे कमी. पण एक खरंखुरं जाड जाकीट घ्या, कारण आकातेनांगो ज्वालामुखी ३,९७६ मीटर उंच आहे आणि समोरचा फुएगो ज्वालामुखी रात्री लाल ठिणग्या उडवतो तो बघायला तंबूबाहेर बसावं लागतं. भाड्याची जाकिटं मिळतात, ओलसर असतात. पाणी तापवायची रॉड घरून आणली असेल तर तिथेच कुणाला देऊन टाका. १२० व्होल्टवर ती पाणी नुसतं कोमट करते.

पैसे केत्सालमध्ये, सुट्टे. रंगीत 'कामिओनेता' म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बस. त्यात मोठी नोट काढलीत तर कंडक्टर तुमच्याकडे नुसता बघत राहतो. फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही, अगदी कोपरा गेलेलीसुद्धा. बॅग टपावर जाते, पासपोर्ट अंगावर ठेवा. (आणि अंगावर आहेच तर पुन्हा एकदा शिक्का बघा.)

आतितलान सरोवरातली होडी सकाळचीच धरा. दुपारी शोकोमील नावाचा वारा सुटतो आणि काठावरचं पानाहाचेल गाव येईपर्यंत फळीवर आपटून कंबर ढिली होते. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' (मांस नको) पुरत नाही, कार्नेत कोंबडी धरत नाहीत. 'सिन पोयो' (कोंबडी नको) हेही म्हणा. मी न म्हटल्यामुळे सूपात अख्खी तंगडी आली होती. १५ सप्टेंबर स्वातंत्र्यदिन, आदल्या संध्याकाळी मशाली घेऊन धावणाऱ्या पोरांनी रस्ते भरतात. त्या दिवशी लांबचा प्रवास ठेवू नका.

पुढचं थोडक्यात. सेमुक चाम्पेच्या नैसर्गिक कुंडांना लांकीन गावापासून पिकअपमध्ये उभ्याने. टिकालच्या माया अवशेषांसाठी जवळच्या फ्लोरेस गावाची रात्रीची बस, एसी गारठवतो, तेच जाकीट वापरा. तिथे डास, ऊन, भरपूर पाणी. परतीचं तिकीट ८८ व्या दिवसाच्या आतलं काढा, ९० व्याचं नको, बस बंद पडतात. चार्जर, औषधं, पावत्या वगैरे तुम्हाला कळतंच.