आफ्रोफ्युचरिझमवर प्रबंध घेताय? आधी अंतराळयानं मोजणं थांबवा

आफ्रोफ्युचरिझम म्हणजे काळ्या लोकांचा भूतकाळ आणि भविष्य विज्ञानकल्पनेतून मांडणारी कला. जॅझवादक सन रा स्वतःला शनीवरचा म्हणवतो, पार्लमेंट या फंक बँडच्या कार्यक्रमात मंचावर मदरशिप नावाचं यान उतरतं, गायिका जनेल मोने अँड्रॉइड म्हणजे माणसासारखं यंत्र होते. यादी झकास जमते, प्रकरण मात्र उभं राहत नाही. नवखे इथेच अडकतात आणि महिनेच्या महिने जातात. ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किन्ड्रेड' या कादंबरीशी (१९७९) गाठ पडली की यादी कोसळते. त्यात यान नाही, यंत्र नाही. १९७६ मधली डेना लॉस एंजेलिसमधून गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. कशी, ते बटलर सांगतच नाही.

म्हणून प्रत्येक कलाकृतीला आधी विचारा: पुसला गेलेला कुठला भूतकाळ ही परत मागते आहे? दोन वाक्यांत उत्तर लिहिता येत नसेल तर कृती वगळा, कितीही आवडती असो.

पाच-दहा कलावंत घेण्यापेक्षा एक साखळी धरा. १७८१ मध्ये 'झाँग' जहाजावरून १३० हून अधिक गुलाम समुद्रात फेकले गेले आणि मालकांनी त्यांचा विमा मागितला. अशा फेकलेल्या गरोदर बायकांची मुलं पाण्याखाली श्वास घेत जगली असतील तर? हा प्रश्न डेट्रॉइटच्या ड्रेक्सिया या टेक्नो जोडीने 'द क्वेस्ट' अल्बममध्ये (१९९७) टाकला. पुढे चित्रकार एलन गॅलघरची 'वॉटरी एक्स्टॅटिक' चित्रमालिका, क्लिपिंग या हिपहॉप गटाचं 'द डीप' हे गाणं (२०१७) आणि त्यावरून रिव्हर्स सॉलोमनची त्याच नावाची लघुकादंबरी (२०१९). संगीत, चित्र, साहित्य तिन्ही आलं. फक्त एक सांभाळा: ड्रेक्सियाच्या संगीतात शब्द फारच थोडे. ही कथा अल्बमसोबत छापलेल्या मजकुरात आहे. तो न वाचता स्ट्रीमिंगवर ऐकलंत तर नुसतं टेक्नो ऐकू येईल.

'आफ्रोफ्युचरिझमची सुरुवात १९९३' असं लिहू नका. त्या वर्षी समीक्षक मार्क डेरीने नाव दिलं, एवढंच. लेखिका नेडी ओकोराफोरला या यादीत कोंबू नका. तिने हे लेबल स्पष्ट नाकारलंय.

गाईड आधी सिद्धान्ताचं प्रकरण मागतील. हो म्हणा, आणि शेवटी लिहा. दलित साहित्याशी तुलनेचा मोहही आवरा. दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेतलं हे खरं, पण तेवढ्या धाग्यावर प्रकरण तोलत नाही.

वाचन अफाट वाटत असेल तर काळे अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस यांची 'द कॉमेट' ही कथा (१९२०) घ्या. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरतं; बँकेच्या तळघरात कामाला धाडलेला काळा निरोप्या वाचतो. एका बैठकीत संपते, आणि फुकट मिळते.