हामिद आणि फटिक: दोन कथांतल्या मुलांची तुलना कशी करावी

इंदूरच्या मराठी मुलांना प्रेमचंदांची ‘ईदगाह’ बहुधा हिंदीच्या पाठ्यपुस्तकात भेटते. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘छुटी’ मात्र कुणी हातात ठेवली तरच. ‘ईदगाह’चा हामिद आणि ‘छुटी’चा फटिक, दोघेही लहान मुलगे, दोघांचेही वडील वारलेले. तुलनेसाठी ही जोडी फार चांगली आहे. पण मुलांच्या वह्यांत एकच कोष्टक असतं: हामिद समजूतदार, फटिक खोडकर. त्यात खोटं काही नाही, पण कथा निसटून जाते. म्हणून वेगळ्या क्रमाने जाऊ या.

१. आधी नुसतं वाचा. पेन बाजूला ठेवा. ‘ईदगाह’ (१९३३) मूळ हिंदीतच वाचा. आपल्याकडच्या मुलांना ती अडत नाही, आणि चिमटेवाल्याशी हामिद करतो ती घासाघीस अनुवादात पातळ होते. ‘छुटी’ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली बंगाली कथा. ती मराठी किंवा हिंदी अनुवादात वाचा.

२. वय लिहून घ्या आणि त्यावर थांबा. तुलनेचं मूळ मला इथे दिसतं. हामिद चार-पाच वर्षांचा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (सजवलेले देखावे) बघायला आलेल्या तेवढ्या मुलाच्या मुठीत पैसे दिले तर तो काय करेल, हे डोळ्यांपुढे आणा. ईदच्या जत्रेत हामिदकडे तीन पैसे आहेत आणि मातीचं खेळणं दोन पैशांना मिळतं. म्हणजे ते त्याला परवडत होतं. त्याच्या मित्रांचे, महमूदचे बारा आणि मोहसिनचे पंधरा, पैसे बघून ‘बिचाऱ्याकडे पैसेच नव्हते’ असं लिहू नका. पैसे होते, त्याने निवड केली. दुकानदार सहा म्हणतो, मग पाचावर येतो. हामिद तिन्ही पैसे देऊन चिमटा घेतो.

फटिक तेरा-चौदाचा. या वयाच्या मुलाबद्दल ठाकुरांनी कथेत मध्येच थांबून एक मोठा परिच्छेद लिहिला आहे. तो दोनदा वाचा. असा मुलगा लाडाने बोलला तर बालिश वाटतो, मोठ्यांसारखा बोलला तर आगाऊ ठरतो. त्याला मायेची भूक सगळ्यांत जास्त असते आणि ती मागण्याची लाजही तेवढीच.

आता एक वाक्य लिहा: एकाला वयाआधीच मोठं व्हावं लागतं, दुसऱ्याला कुठलंच वय मिळत नाही. पुढचा सगळा निबंध या वाक्याला टेकून उभा राहतो.

३. दोघे एकच गोष्ट करतात ती जागा शोधा. फरक कुणालाही दिसतात. खरी मेहनत साम्य शोधण्यात आहे, आणि ते इथे एका बारीक जागी लपलेलं आहे. कलकत्त्याला मामाकडे राहणाऱ्या फटिकला मामीने चुकून एखादं काम सांगितलं, तर तो आनंदाच्या भरात गरजेपेक्षा जास्तच करून ठेवतो. मामी म्हणते, पुरे, जा अभ्यास कर. हामिदही घरातल्या बाईच्या उपयोगी पडायलाच धडपडतोय. तव्यावर आजीची, म्हणजे अमीनाची, बोटं भाजतात म्हणून चिमटा आणतोय. अमीना आधी चिडते, छाती पिटते, पण कारण कळताच तिचा राग विरघळतो. फटिकला तो एक क्षण मिळतच नाही. दोन मुलांची वृत्ती एकच, घेणारी माणसं वेगळी. हे सापडलं की ‘समजूतदार विरुद्ध खोडकर’ आपोआप गळून पडतं.

नदीकाठचा ओंडका ढकलून देण्याची फटिकची कल्पना आणि त्यावर हटून बसलेला त्याचा धाकटा भाऊ माखन हा प्रसंग मात्र जरूर घ्या. गावात फटिक पोरांचा म्होरक्या होता, हे सांगितल्याशिवाय कलकत्त्यात त्याचं काय हरवलं ते कळत नाही.

४. हामिदला संत बनवू नका. चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून तो मित्रांच्या खेळण्यांना वादात हरवतो आणि त्याचा त्याला भरपूर आनंद होतो. हे पोरपण उत्तरात आलंच पाहिजे. ते गाळलं तर त्याचा त्याग उपदेशाच्या गोष्टीतला होतो. तसंच मामीला खलनायिका ठरवू नका. तिची स्वतःची तीन मुलं आहेत आणि नवऱ्याने न विचारता चौथं आणून ठेवलंय.

५. शेवट शेजारी ठेवा. दोन्हीकडे एक बाई रडते. अमीना रडते तेव्हा प्रेमचंद म्हणतात की लहान हामिद म्हातारा झाला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी. तिकडे तापात फणफणलेला फटिक बोटीवरच्या खलाशांसारखा पाण्याची खोली मोजत बरळतो. आई पोचते तेव्हा तो सांगतो की आता त्याला सुट्टी मिळाली, तो घरी निघालाय. या ओळीचं स्पष्टीकरण निबंधात देऊ नका. नुसती उल्लेखा.

६. मग लिहा. आधी अख्खा हामिद, मग अख्खा फटिक असं करू नका. वय, घर, काम, शेवट असे मुद्दे घ्या आणि प्रत्येकात दोघांना एकत्र आणा. घराच्या मुद्द्याला दोन वाक्यं पुरतात, कामाच्या मुद्द्याला पान द्या. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यातली नावं झाकून पाहा. ‘दोघेही परिस्थितीशी झुंज देतात’ हे कुठल्याही दोन मुलांना लागू होतं. तसलं वाक्य सरळ खोडा आणि त्या जागी चिमटा, ओंडका किंवा फटिकचं शाळेत हरवलेलं पुस्तक आणा.