वर्गात टीव्ही लावण्याआधी या चुका टाळा

सातवीच्या वर्गात चंद्रकला शिकवायच्या होत्या. चार मिनिटांचा सुंदर व्हिडिओ मिळाला होता. मुलांनी तो एकटक पाहिला. "समजलं का?" विचारलं, तर सगळ्यांनी एका सुरात "हो बाई!" म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अष्टमीला चंद्र अर्धाच का दिसतो?" पुढच्या बाकावरची मुलगी लगेच उठली, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." कुणीच हरकत घेतली नाही. व्हिडिओत नेमकं याच्या उलट सांगितलं होतं, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच: प्रश्न पडायच्या आधीच मुलांना उत्तर दाखवणं. मुलांच्या मनात सावलीची कल्पना आधीपासून घट्ट बसलेली होती. व्हिडिओनं तिला हातसुद्धा लावला नाही, कारण ती आहे हे मीच आधी काढून घेतलं नव्हतं. शिवाय पडद्यावर सूर्य, पृथ्वी, चंद्र वरून, अवकाशातून दिसतात. मुलं चंद्र बघतात ते अंगणातून. ही जागेची अदलाबदल आपण मोठी माणसं सहज करतो. बारा वर्षांच्या मुलाला ती करायला वेळ लागतो.

पुढच्या शुक्ल अष्टमीला शाळा सुटायच्या आधी वर्ग मैदानावर नेला. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि अर्धा चंद्र पूर्वेकडे चांगला वर आलेला होता. दिवसा चंद्र दिसतो याचंच अर्ध्या मुलांना नवल वाटलं. एकाला म्हटलं, एक हात सूर्याकडे कर, दुसरा चंद्राकडे. त्यानं केले. बाकीच्यांना विचारलं, सावली पडायची तर पृथ्वी कुठे हवी? "दोघांच्या मधे, एका रेषेत." आणि याचे हात? थोडा वेळ शांतता. मग मागून आवाज आला, "बाई, हा तर काटकोन झाला!" त्यानंतर एक पांढरा चेंडू उन्हातच, पण चंद्राच्या दिशेनं उंच धरायला लावला. चेंडूचा उजेड पडलेला भाग आणि चंद्राचा उजेड पडलेला भाग हुबेहूब सारखा दिसतो. प्रत्येकाला तो स्वतः धरून बघायचा होता.

त्यानंतर तोच व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी मुलंच म्हणाली, "बाई, थांबवा, इथे आपण कुठे उभे आहोत?" तंत्रज्ञानाचा उपयोग होतो तो असा, आणि त्याच्यावर माझा विश्वास आहे. म्हणून आता माझा एक नियम आहे: व्हिडिओ लावण्याआधी मुलांनी "काय होईल" ते वहीत लिहायचं, मधे दोन-तीन ठिकाणी मी थांबवणार, आणि "समजलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याऐवजी आकृती काढायला सांगायची. चार मिनिटांच्या व्हिडिओला पूर्ण तास लागतो, आणि तो लागू द्यावा.

आता यंत्राच्या अडचणी. यांच्यापायी तासाची पहिली दहा मिनिटं जातात आणि मुलांचं लक्ष एकदा उडालं की परत येत नाही.

चित्र दिसतं, आवाज नाही: जुन्या निळ्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं. आवाजासाठी स्पीकरची वेगळी वायर लागते. एचडीएमआय केबलनं जोडलं असेल तर लॅपटॉपवर आवाजाच्या खुणेवर क्लिक करून आवाज टीव्हीकडे वळवा. चित्रच येत नसेल तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा.

प्रोजेक्टर मधेच बंद पडतो: बहुतेक वेळा कारण असतं खडूची धूळ. ती हवेच्या जाळीत बसते, यंत्र तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. दर महिन्याला जाळी काढून मऊ ब्रशनं झटका. आणि तास संपला म्हणून भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमधला पंखा थांबेपर्यंत धीर धरा, नाहीतर दिवा लवकर जातो, आणि नवा दिवा शाळेच्या अनुदानातून आणणं सोपं नसतं.

मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात: फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली असते आणि तो फाँट या संगणकावर नसतो. नवं सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. जुनी फाइल असेल तर घरच्या संगणकावर पीडीएफ करून पेन ड्राइव्हमध्ये आणा.

रेंज नाही, वीज नाही: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात सगळ्यांसमोर पहिल्यांदा स्कॅन करू नका. तो कोड ज्या सरकारी दीक्षा ॲपमध्ये उघडतो, त्यातला पाठ आदल्या रात्री घरून डाउनलोड करून ठेवता येतो. यूट्यूब थेट लावलं तर मधे जाहिरात येते, आणि व्हिडिओ संपताच पुढचा भलताच सुरू होतो. फोन टीव्हीला जोडणार असाल तर संदेशांच्या सूचना आधी बंद करा. घरचा एखादा खाजगी निरोप अख्ख्या वर्गानं मोठ्यानं वाचायला वेळ लागत नाही. आणि वीज गेली तर पुढे काय, हे खडू हातात घेण्याआधीच ठरलेलं असू द्या.

फोनवरचा गृहपाठ हा वेगळा विषय आहे, पण एवढं सांगते. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलेला अभ्यास कोण करत नाही याची मी यादी करत होते. नंतर घरोघरी गेले तेव्हा कळलं, फोन एकच, तो वडिलांबरोबर दिवसभर शेतात, आणि संध्याकाळी तीन भावंडांत वाटून. यादीतली मुलं आळशी नव्हती. आजही फोनवर काही पाठवायचं असेल तर मी आधी विचारते, घरी फोन किती वाजता असतो? ज्यांच्याकडे नसतो त्यांना तेच काम कागदावर देते, आणि दोघांनाही सारखेच गुण.

राहिले टॅब. फुटतील, हरवतील या भीतीनं ते कपाटात कुलूपबंद राहतात आणि सुट्टीनंतर काढले की चालू होत नाहीत. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली तर ती मरते. ठेवायचेच असतील तर निम्मं चार्जिंग करून, बंद करून ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा. आमच्याकडे ही जबाबदारी सातवीतल्या दोघांवर आहे. कोणता टॅब कुणी, कधी नेला याची वही तेच लिहितात. गेल्या वर्षभरात एका टॅबच्या काचेला तडा गेला. तो अजून वापरात आहे.